आवळलेली झाकणं

दोघे भाऊ एकाच घरात राहायचे आणि एकाच दुकानात बसायचे. एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून एक जण दाराकडे तोंड करून बसायचा, दुसरा भिंतीकडे. दुकान चष्म्यांचं होतं. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या, मधे अरुंद लाकडी जिना. थोरला पुढे काउंटरवर गिऱ्हाईक बघायचा आणि धाकटा मागच्या बाजूला काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा.

पूर्वी काचा बसवायचं काम थोरल्याचं होतं. दांडीचा बारीक स्क्रू, जो भल्याभल्यांच्या डोळ्यांना धड दिसत नाही, तो थोरला गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता नुसत्या बोटांच्या अंदाजाने बसवायचा. पण ऐन उमेदीत त्याला आमवाताने गाठलं. आधी बोटं सुजली, मग वाकडी झाली. सकाळी उठावं तर हात लाकडाचे. मूठ मिटायची नाही, आणि मिटलीच तर उघडायची नाही. शर्टाची बटणं, पेस्टची ट्यूब, नळ, दाराची कडी, सगळं त्याच्या मुळावर उठल्यासारखं झालं. ऊन वर आलं की हात जरा सैल पडायचे, पण स्क्रू पकडण्याइतके कधीच नाही.

धाकट्याचा आजार कुणाला दिसायचा नाही. त्याला खात्री वाटायची नाही, एवढाच तो आजार. गॅस बंद केलेला त्याने स्वतः बघितलेला असायचा, बटण हाताने चाचपलेलं असायचं, तरी जिना उतरेपर्यंत त्याला वाटायचं, आपण नक्की बंद केला का? मग वर. मग खाली. मग पुन्हा वर. आपल्यामुळे घर पेटलंय आणि आत माणसं अडकली आहेत, हे त्याला डोळ्यांसमोर दिसायचं. दुकानातही तेच. एकच काच तो नंबर तपासायच्या यंत्रावर पुन्हा पुन्हा ठेवायचा. नंबर चुकला, आणि तो चष्मा घालून कुणी गाडीखाली आलं तर? तयार चष्मा डबीत घालायचा, डबी मिटायचा आणि परत उघडायचा. कामात तो अगदी चोख होता, पण ते चोख काम हातातून सुटत नव्हतं. गिऱ्हाईक ताटकळत बसायचं.

दोघांनाही दुसऱ्याच्या आजाराची काडीचीही कणव नव्हती. थोरला म्हणायचा, याचे दोन्ही हात धडधाकट आहेत, नुसतं डोक्यात खूळ भरलंय, दोन दिवस उपाशी ठेवा, निघून जाईल. धाकट्याचं म्हणणं असं की दादाची बोटं बघून लोक उठून खुर्ची देतात, माझं डोकं उघडून दाखवायची सोय नाही म्हणून मी लबाड ठरतो. दोघेही हे एकमेकांना कधी सरळ सांगायचे नाहीत. वहिनीला सांगायचे, दुसऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. घर तिच्यावर चालायचं. सकाळी ती नवऱ्याची बटणं लावायची, डबे-बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवायची, नळ अर्धवट सोडून ठेवायची. मग जिन्यात उभी राहून दिराला सांगायची, "भाऊजी, बंद आहे. मी बघितलंय. उतरा आता." तिने सांगितलं की तो उतरायचा, निदान एकदा तरी. अशी बरीच वर्षं काढल्यावर एके सकाळी तिने बॅग भरली आणि आपण बहिणीकडे चाललोय असं जाहीर केलं. किती दिवस, ते सांगितलं नाही. थोरल्याने विचारलं, मग आमचं कसं होणार? ती म्हणाली, "एकाला हात आहेत, एकाला डोकं आहे. दोघं मिळून एक माणूस होतो. करा काय ते. या घरात आजारी पडायची माझी पाळी कधी येणारच नाही, म्हणून मी धडधाकट आहे तोवर निघते."

जाताना तिने नवऱ्याच्या गोळ्यांची बाटली कपाटावर काढून ठेवली आणि झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं. त्या लहान पांढऱ्या गोळ्या सूज उतरवणाऱ्या होत्या. कितीतरी वर्षं रोज घेतल्यामुळे शरीराला त्यांची सवय लागली होती, आणि त्या एकदम थांबवायच्या नाहीत असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. वहिनीने दिराला तेवढं बजावलं. त्याने मान डोलावली.

पहिल्याच सकाळी बटणांवरून वाजलं. धाकटा शर्टाची बटणं लावायला आला. वरपासून खालपर्यंत लावली, मग एखादं चुकलं तर नाही ना म्हणून सगळी सोडली आणि पुन्हा लावायला घेतली. थोरला गळा ताणून उभा. तिसऱ्यांदा बटणं सुटायला लागली तेव्हा त्याने कोपराने भावाचा हात उडवला आणि तसाच उघड्या शर्टाने खाली जाऊन बसला. दिवसभर गिऱ्हाइकं त्याचा बनियन बघत होती. दुसऱ्या दिवसापासून तो गळ्यातून घालायचा जुना, ताणलेला स्वेटर घालू लागला, उकाडा असूनही.

पण खरी ठिणगी पडली ती एका शिक्षिकाबाईंच्या चष्म्यावरून. बाई जुन्या गिऱ्हाईक, बोलायला तिखट. चष्मा घ्यायला येऊन त्या कंटाळेपर्यंत बसल्या होत्या, आणि मागे धाकटा तयार चष्मा डबीतून काढत होता, यंत्रावर ठेवत होता, परत डबीत घालत होता. बाईंनी विचारलं की इतका वेळ काय चाललंय. थोरल्याने हसून सांगितलं, "माझे हात गेलेत बाई, आणि त्याचं डोकं गेलंय. तुम्ही चुकीच्या दुकानात आलात."

बाई हसल्या. धाकटा मागून बाहेर आला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने चष्म्याची दांडी सोडवली, चष्मा, दांडी, स्क्रू आणि बारीक पेचकस असं सगळं थोरल्यापुढे काउंटरवर मांडलं आणि शांतपणे म्हणाला, "डोकं तुझं शाबूत आहे ना दादा? मग बसव."

थोरल्याला तिथेच हसण्यावारी नेता आलं असतं. त्याने नेलं नाही. त्याने दोन्ही तळव्यांच्या मधे पेचकस धरला, बोटांच्या पेरांनी स्क्रू उचलायला गेला. स्क्रू उचलला जाईना. त्याने जीभ लावून बोट ओलं केलं, त्यावर स्क्रू चिकटवला, भोकापाशी नेला आणि तो टिचकी मारल्यासारखा उडून कपाटाखाली गेला. तो खाली वाकला. गुडघे वाकेनात. काउंटर धरून अर्धवट वाकलेला, लालबुंद झालेला आपल्या वयाचा माणूस बघून बाईंचं हसू मावळलं. राहू दे, मी उद्या येते, असं पुटपुटत त्या निघून गेल्या. त्या परत आल्या त्या फक्त आपली फ्रेम मागायला.

 त्या दिवसापासून थोरल्याच्या मनात काहीतरी शिजत होतं.

पुढच्याच आठवड्यात धाकट्याने आजवर कधी न केलेली गोष्ट करायचं ठरवलं. त्याने मनोविकाराच्या डॉक्टरांकडे वेळ मागून घेतली होती. ती मिळायलाच महिने लागले होते. सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, गॅसपाशी बराच वेळ उभा राहिला, आणि अखेर जिना उतरून दुकानातून बाहेर निघाला. कुठे चाललास असं थोरल्याने विचारलं, तेव्हा त्याने न लपवता सांगितलं. कदाचित भाऊ काही बरं बोलेल असं त्याला वाटलं असेल. निदान "जाऊन ये" एवढं तरी.

थोरल्याने मान वर केली, नाक जरा आक्रसलं आणि म्हणाला, "जा. पण वरून गॅसचा वास येतोय बघ."

वास-बीस काही येत नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकट्याला ठाऊक असूनही उपयोग नव्हता. तो वर गेला, बटण चाचपलं, खाली आला. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि मागे फिरला. थोरला काउंटरवर बसून बघत राहिला. सुरुवातीला त्याला जरा गंमत वाटली, मग जिन्यावरच्या त्या पावलांचा आवाज ऐकता ऐकता छातीत एक दुष्ट गारवा पसरला. इतके दिवस आपल्याच्याने साधी कडी सरकत नव्हती, आणि आता नुसत्या एका वाक्याने एक धडधाकट माणूस वर-खाली पळत होता. डॉक्टरांची वेळ टळून गेली. धाकटा जिन्यातच बसला, इस्त्रीचा शर्ट पाठीला घामाने चिकटलेला. 

त्यानंतर थोरल्याला ती चटकच लागली. धाकटा जेवायला बसला की तो सहज विचारायचा, मागचं दार लावलंस ना? काम संपवून तो उठला की म्हणायचा, त्या काचेचा नंबर उलटा तर नाही लागला? प्रत्येक वाक्यासरशी धाकट्याचा तासभर जायचा. कामं तुंबली. गिऱ्हाइकं ओरडू लागली. थोरल्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दुकान बुडालं तरी चालेल, पण याला चैन पडू द्यायची नाही, अशा थराला गोष्ट गेली होती.

आणि मग झाकणं आवळली जाऊ लागली.

साखरेचा डबा, दुधाची बाटली, टूथपेस्टचं टोपण, न्हाणीघरातला नळ. सगळं घट्ट. धाकट्याला तपासायची सवय होतीच. एखादं झाकण नीट लागलंय का हे बघताना तो ते आणखी पिळायचा, मग आणखी. त्यात आजार किती आणि सूड किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण थोरला नळाशी झगडताना दिसला की तो पाठ फिरवून निघून जायचा, हे मात्र आजारातलं नव्हतं. थोरला बादलीतलं पाणी तांब्याने काढून प्यायचा, चहा बिनसाखरेचा घ्यायचा. मागायचा नाही.

एके सकाळी गोळ्यांची बाटलीही आवळलेली निघाली.

थोरल्याने ती तळव्यात धरून फिरवून बघितली. दातांत धरली. दाराच्या फटीत अडकवून पिळली, तेव्हा मनगटातून कळ गेली आणि बाटली हातातून सुटून धाकट्याच्या पायाशी घरंगळत गेली. धाकट्याने ती उचलली. उघडायला त्याला एक क्षण पुरला असता. तो बाटली हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मागून बघ. ‘काढून दे’ म्हण."

"ठेव ती तिथे," थोरला म्हणाला.

"एवढंच म्हण. तीन शब्दही नाहीत."

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दुकानाचं शटर नीट ओढलंयस का ते बघ आधी."

धाकट्याने बाटली होती तशी कपाटावर ठेवली आणि शटर बघायला खाली गेला.

दोघांपैकी कुणीही पुन्हा त्या बाटलीचं नाव काढलं नाही. थोरल्याला वाटलं, चार-दोन दिवस नाही घेतल्या तर काय होणार आहे, सांधे दुखतील, ते तसेही दुखतातच. त्यापेक्षा याच्यापुढे तोंड वेंगाडणं वाईट. धाकट्याला रोज सकाळी वाटायचं की आता तो मागेल. तो कपाटावर नजर टाकायचा. बाटली जागची हललेली नसायची. वहिनीने बजावलेलं त्याला आठवायचं, आणि आठवलं की तो गॅसकडे वळायचा. जे बिघडलेलंच नव्हतं ते तो तपासत राहिला आणि जे डोळ्यांसमोर बिघडत होतं तिकडे त्याने बघितलं नाही.

थोरल्याची भूक गेली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. त्याला उभं राहिलं की अंधारी यायची. पोटाचं दुखणं असेल म्हणून त्याने दिवस काढले. एका दुपारी एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवता दाखवता तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, गिऱ्हाइकाला आपल्या मेलेल्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि काउंटरमागे कोसळला. फ्रेमा सगळ्या अंगावर पडल्या. धाकटा धावत पुढे आला. भावाचं अंग गार पडलं होतं, घामाने थबथबलेलं. गिऱ्हाइकानेच रुग्णवाहिका बोलावली. ती माणसं आली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की याला कुठली औषधं चालू आहेत.

धाकटा वर गेला आणि बाटली घेऊन आला. त्यांच्यासमोर त्याने ती उघडली. एका पिळात उघडली. आत अर्ध्याहून जास्त गोळ्या तशाच पडून होत्या.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब सुई दिली, सलाइन लावलं. शरीराला बाहेरच्या औषधाची सवय लागली की ते स्वतःचं बनवायचं सोडून देतं, आणि बाहेरचंही तोडलं तर माणूस दगावतो, असं त्यांनी धाकट्याला समजावलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. गोळ्या कशा काय बंद झाल्या?

"मी झाकण घट्ट लावलं," धाकटा म्हणाला. "त्याला उघडत नाही. त्याने मागितलं नाही."

"आणि तुम्ही दिलं नाही."

"नाही."

बाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. तेवढ्यावर संपायला हवं होतं. पण थोड्या वेळाने तो त्यांच्यामागे गेला आणि म्हणाला, की मी आपण होऊन घट्ट लावलं होतं, हे मी सांगितलं ना? बाई म्हणाल्या, सांगितलंत. मग त्याने ते नर्सला सांगितलं. नर्सची पाळी बदलली तेव्हा नव्या नर्सला सांगितलं. लादी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. आपण काही लपवून तर ठेवलं नाही ना, नीट सगळं सांगितलं ना, या शंकेने तो वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भेटेल त्याला गाठून तेच सांगत होता. लोक त्याला टाळू लागले. अखेर डॉक्टरीणबाईंनी त्याला थोरल्याच्या पलंगाच्या पडद्याशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, असं आणखी काय काय तुम्हाला पुन्हा पुन्हा करावं लागतं?

तो सांगू लागला. गॅस, दार, काचा, बटणं. बाई मधे न बोलता ऐकत होत्या. याला उपचार आहेत, तुम्ही आधीच कुणाकडे का गेला नाहीत, असं त्यांनी विचारलं.

पडद्यामागून थोरल्याचा आवाज आला. बारीक, पण धारदार. "जायला निघाला होता. मी जाऊ दिलं नाही. सगळं काही त्याने एकट्यानेच केलं असं सांगत सुटलाय. यातही मला वाटा द्यायचा नाहीये त्याला."

बाईंनी पडदा बाजूला केला. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही लगेच मान फिरवली.

वहिनी संध्याकाळी आली. बहिणीच्या घरून निघताना तिला फक्त नवरा आजारी आहे एवढंच कळलं होतं. उरलेलं तिने धाकट्याकडून ऐकलं, मग नवऱ्याकडून, मग डॉक्टरीणबाईंकडून. ती रडली नाही. तिने खुर्ची ओढून पलंगाच्या पायथ्याशी घेतली, धाकट्याला समोर उभं राहायला सांगितलं.

"तुमचे हात चालत नाहीत, हे मी रोज बघते," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि भाऊजी, तुमच्या डोक्याला थारा नाही, तेही बघते. त्यासाठी मी कधी कुणाला बोल लावला नाही. पण भाऊजींना जिन्यात वर-खाली पळवलं ते तुमच्या सांध्यांनी नाही पळवलं. आणि भाऊजी, बाटली हातात धरून तुम्ही उभे राहिलात, तो आजार नव्हता. तेवढं दोघांनी आपापल्या नावावर घ्या. आजाराच्या नावावर टाकू नका."

थोरला म्हणाला, सुरुवात याने केली. वहिनी उठली, पिशवी उचलली आणि कॅन्टीनमध्ये चहा प्यायला गेली. दोघांपैकी कुणालाही तिने चहा विचारला नाही.

नंतर जे झालं ते तिनेच ठरवलं. धाकट्याने वेगळं राहायचं. दोन गल्ल्या सोडून त्याला एक खोली बघितली. तिथे स्वयंपाकाची सोय नव्हती, म्हणजे गॅसही नव्हता. दुकानात तो येत राहिला, कारण दुसऱ्या कुणाला ते काम इतकं सफाईने जमत नव्हतं. पण तयार चष्मा त्याच्या हातून वहिनी काढून घेऊ लागली, पहिल्यांदा तपासून झाला की लगेच. तो उठून मागे मागे यायचा. ती डबी पिशवीत टाकून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पहिले काही आठवडे तो मागच्या खोलीत जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. नंतर नुसता उभा राहायचा.

तो आता मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नियमाने जातो. गोळ्या आहेत, शिवाय दर खेपेला काहीतरी करून बघायला सांगतात. एखादी गोष्ट तपासल्याशिवाय सोडायची आणि जी भीती वाटेल ती वाटू द्यायची. एकदा डॉक्टरांनी घरच्या माणसांनाही बोलावलं. वहिनी गेली, आणि तिने नवऱ्यालाही ओढून नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हे विचारतील, झालं का, बरोबर आहे का, बंद आहे का. तुम्ही हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. उत्तर दिलं की त्यांना घटकाभर बरं वाटतं आणि आजार वाढतो. गप्प राहा.

येताना वाटेत थोरला एकदाच बोलला. म्हणाला, गप्प राहायला मला शिकवायला नको.

त्याचे हात काही सुधारले नाहीत. उलट डाव्या हाताची दोन बोटं आता पूर्णच आखडली आहेत. दोघे भाऊ दुकानात असतात आणि कामापुरतं बोलतात. अमुकचा चष्मा झाला का, तमुकची काच आली का, इतकंच. झाल्या प्रकाराची माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही.

परवा धाकटा एक जाड काच हातात घेऊन पुढे आला. कपाळावर घाम होता. त्याने विचारलं, "दादा, बरोबर घासली गेलीय ना रे?"

थोरल्याने मान वर केली. काच नीट घासली गेली होती, हे त्याला तिथूनही दिसत होतं. त्याने भावाकडे बघितलं, मग काउंटरवरच्या कापडाकडे, आणि तो काही बोलला नाही. धाकटा उभा राहिला. हे गप्प राहणं उपचाराचं आहे की जुन्या वैराचं, हे त्याला भावाच्या चेहऱ्यावरून कळेना. थोरल्याला तरी ते कुठे नक्की सांगता आलं असतं? बाहेर गाड्या जात होत्या. बराच वेळ गेल्यावर धाकटा काच घेऊन मागे गेला आणि त्याने ती फ्रेममध्ये बसवली.